शहापूरला चालतं, घरी नाही

होळीच्या आगेमागे गाडी मुरबाड सोडून पुढे निघाली की मी काच खाली करतो. डोळ्यांना काही दिसायच्या आधी नाकाला कळतं, राब भाजायला लागले. भाताच्या रोपांसाठीच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत अंथरायचं, वरून मातीची पातळ चादर घालायची आणि एका कडेने आग लावायची. राब भडकत नाही. तो आतल्या आत धुमसत, दुपारभर, या बांधापासून त्या बांधापर्यंत सरकत जातो. आग बांधाबाहेर गेलीच तर झोडायला हातात ओला डहाळा घेऊन एक माणूस कडेला उभा असतो. त्याला तसं काही काम नसतं, आणि तिथून हलताही येत नाही.

"बाबा, काच वर करा ना," मागच्या सीटवरून मुलगी म्हणते. मी करतो. पण तेवढ्यात धूर आत आलेला असतो, आणि त्याच्याबरोबर एक पत्र्याचा डबा, अठरा पायांची एक काळी चिप आणि बावीस वर्षांचा मी, असे तिघेजण गाडीत येऊन बसलेले असतात.

साल नेमकं सांगत नाही. आमच्या घरात साल सांगितलं की आई ते दुरुस्त करते. घरोघरी मोबाइल यायच्या जरा आधीचे दिवस, एवढं पुरे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आठ महिने घरी बसलो होतो. गावात बिननोकरीच्या मुलाला खरा त्रास नोकरी नसण्याचा नसतो, उंबऱ्याबाहेर पाय टाकण्याचा असतो. दुकानापर्यंत जायचं तर वाटेत चार ओट्यांवर चार माणसं, आणि चारही जणांना माझ्याबद्दल मनापासून काळजी. "काय, सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला उत्तर नसतं आणि पर्यायी रस्ताही नसतो. म्हणून मी साबण संपला तरी संपला नाही असं समजून अंघोळ करत असे.

माझी जागा म्हणजे मागची खोली. तिला एकच खिडकी, आणि खिडकीबाहेर मेलेल्या मोटारींचा ढीग. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा वायरमन. मुरबाड ते धसई पट्ट्यातल्या विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी आमच्याकडे यायच्या. दादा त्यांची जळकी तार उपसून काढायचे आणि नवीन तांब्याची तार गुंडाळून त्यांना पुन्हा उभं करायचे. त्याला वायंडिंग म्हणतात. दिवसभर पडवीतून त्या गुंडाळण्याच्या यंत्राचा कर्र-कर्र आवाज, वॉर्निशचा वास, आणि फाल्गुनात त्यावर राबाचा धूर. खिडकी उघडली तर धूर आत येई, लावली तर मी आत उकडून निघे. आठ महिन्यांत मी या दोन्हीमधली नेमकी फट शोधून काढली होती. डिप्लोमानंतरची माझी तेवढी एकच तांत्रिक कामगिरी.

आता आमच्या घराच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. इतर घरांत सकाळी तुळशीला पाणी घालतात. आमच्याकडे आई तुळशीला पाणी घालायची आणि उरलेला तांब्या घेऊन घरामागे जायची. तिथे अर्थिंगचा खड्डा होता. तळाशी तांब्याची पट्टी, वर मीठ आणि कोळशाचे थर. जमीन ओली राहिली तर पत्र्यात फुटलेली वीज माणसाऐवजी तिच्यात उतरते, म्हणून त्या खड्ड्याला रोज पाणी. आईच्या लेखी दोघांत फार फरक नव्हता. हळदीकुंकू तेवढं खड्ड्याला नसायचं. या खड्ड्यातून निघालेली हिरवी वायर घरभर फिरलेली. टीव्हीला हिरवी वायर, मिक्सरला हिरवी वायर, लोखंडी खाटेला हिरवी वायर. अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेलासुद्धा एका टोकाला हिरवी वायर. पाहुणे हसायचे. आम्हाला मात्र ती दिसायचीच नाही. जन्मापासून घरात असलेली गोष्ट कोणाला दिसते?

या रीतीचं कारण रोज दुपारी चहाला यायचं. त्याचं नाव गोमाकाका. फार वर्षांपूर्वी दादांनी त्यांच्या विहिरीवर पंप बसवला, तेव्हा अंधारून आलं होतं. अर्थिंगचा खड्डा उद्या घेतो, असं सांगून दादा घरी आले. सकाळी दादा पोचायच्या आत गोमाकाकांची म्हैस पंपाच्या पाइपाला चिकटली, आणि तिला सोडवायला गोमाकाका गेले. म्हैस गेली. गोमाकाका वाचले, पण उजवा हात कोपरापासून वाकडा झाला तो कायमचाच. दादांना त्यांनी कधी एक शब्दही ऐकवला नाही. फक्त त्या दिवसापासून दुपारचा चहा आमच्याकडे. हे मला आईने सांगितलं. दादांच्या तोंडून 'उद्या' हा शब्द मात्र मी कधीच ऐकला नाही. करतो म्हणायचे, नाहीतर नाही म्हणायचे.

महाशिवरात्रीच्या सुमारास एक संधी आली. मुरबाडच्या औद्योगिक पट्ट्यात पिशव्या बंद करायची यंत्रं बनवणारा एक छोटा कारखाना होता. त्याचे मालक पुण्याला दुसरं युनिट काढत होते. पिशवीचं तोंड किती सेकंद तापवायचं हे ठरवणारा टायमर त्यांना हवा होता. "रंगपंचमीपर्यंत चालता टायमर आण," ते म्हणाले, "पुण्याला तुझी जागा पक्की. नाही आणलास तर माझ्याकडे दुसरा मुलगा आहे." दादांना सांगितलं. ते तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आण. नाय जमलं तर पाडव्यापासून माझ्या बाकावर बस. मला पण आता जवळचं दिसत नाय." त्यात धमकी नव्हती. धमकी असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. इथे एका बाजूला पुणं होतं आणि दुसऱ्या बाजूला दादांचं कमी होत चाललेलं दिसणं.

टायमरचा जीव म्हणजे ती चिप. चिंचोक्याहून जरा लांब, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ पाय, अगदी उलटी पडलेली गोम. तिच्यात आपला प्रोग्रॅम भरावा लागतो, आणि तो भरायला एक उपकरण लागतं, त्याचं नाव प्रोग्रॅमर. तयार मिळायचा तो आपल्या आवाक्याबाहेर. पण शहापूरला माझ्या मित्राचं, सुरेशचं, संगणकाचं दुकान होतं. तिथल्या इंटरनेटवर मला प्रोग्रॅमर घरी बांधायचा एक नकाशा सापडला. दोन ट्रान्झिस्टर, चार डायोड, दोन झेनर, दोन कपॅसिटर, एक रेझिस्टर. बस. वेगळी वीजही नको. संगणकाच्या मागे ज्या नऊ टाचण्यांच्या सिरियल पोर्टला तेव्हा माउस जोडत, तिथूनच हा आपलं पोट भरणार. मला तो नकाशा फार आवडला. दुसऱ्याच्या घरच्या विजेवर गुपचूप जगणाऱ्या त्या यंत्राशी माझं काहीतरी नातं लागत होतं.

मी तो बांधला. चहाच्या पत्तीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात स्क्रूने पक्का बसवला. आणि वायरमनच्या मुलाने जे करायचं तेच केलं. सर्किटची मायनस डब्याच्या पत्र्याला सोल्डरचा डाग देऊन जोडली. बॉडीला मायनस. आमच्याकडे मुलं हे मुळाक्षरांच्या आधी शिकतात. दादा येऊन उभे राहिले. डब्यातून निघालेली केबल कुठे जाते ते त्यांनी बोटाने माग काढत पाहिलं. ती माझ्या खोलीतल्या जुन्या, वापरलेल्या संगणकात जात होती. संगणक कुठे जातो? भिंतीतल्या तीन पिनांत. "म्हणजे हा डबा लायटीवर आला," दादा म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत डब्याच्या कडेला भोक पाडून त्यांनी हिरवी वायर स्क्रूने आवळली. मी मान वर करूनही पाहिलं नाही.

मग चिप बसवली, संगणक लावला, बटण दाबलं. पडद्यावर आलं, व्हेरिफाय फेल्ड. म्हणजे भरलं एक आणि वाचलं भलतंच.

पहिला दिवस हसण्यात गेला. नऊ टाचण्या मागून डाग देताना मी आरशातल्यासारख्या उलट्या मोजल्या होत्या. त्या सुलट्या केल्या. पुन्हा तेच. मीटर लावला. चिपच्या पोटात पाच व्होल्ट दिसायला हवेत, तिथे जवळजवळ शून्य. झेनर बदलला. शून्य. ट्रान्झिस्टर बदलले. शून्य. कपॅसिटर उलटा लागला असेल म्हणून काढून सुलटा लावला, मग आधीच सुलटा होता हे कळून पुन्हा काढला. केबल आखूड केली. पोर्ट बिघडला म्हणावं तर त्याच पोर्टला माउस लावला की बाण पडद्यावर अगदी ऐटीत पळत होता. कधीकधी मला वाटे, तो मला चिडवायलाच पळतोय.

"काय रे इंजेर," गोमाकाका पडवीतून विचारायचे, "आज तरी खाल्लं काय तुझ्या किड्यानं?"

"नाही काका."

"मंग तुझ्या आईला सांग. ती भरवते कोणालाबी."

आई आतून म्हणायची, "जेवून घे रे. तो डबा काय पळतोय?" पळत नव्हता, हेच तर दुःख होतं.

चार दिवसांनी डबा पिशवीत घालून मी शहापूरला निघालो. निघताना दादांनी स्वतः स्क्रू सैल करून हिरवी वायर सोडवून दिली. सुरेशच्या दुकानात लाकडी टेबलावर डबा ठेवला, केबल लावली, बटण दाबलं. पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत सरसर गेली. चिप भरली, पुन्हा वाचली, तंतोतंत. सुरेश माझ्याकडे बघत राहिला. "चालतंय की रे. एवढा चेहरा कशाला पाडलास?" मी एसटीने घरी आलो. दादांनी वायर पुन्हा आवळली. संगणक लावला. व्हेरिफाय फेल्ड.

असं तीनदा झालं. तुम्ही म्हणाल, मग शहापूरलाच करायचं सगळं. पण टायमर एका फटक्यात बनत नाही. चिप भरायची, टायमरमध्ये घालायची, हीटर तापवून पिशवी चिकटवून बघायची, चूक शोधायची, प्रोग्रॅम बदलायचा, चिप पुन्हा भरायची. दिवसाला वीस वेळा. आणि मी मुरबाडच्याही पुढे राहत होतो. दोन गाड्या बदलून शहापूर गाठायचं, सुरेशचं गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच्या संगणकावर बसायचं, परत यायचं, आणि घरी आल्यावर कळायचं की सात सेकंदांऐवजी सत्तर सेकंद भरलेत. मी पिशव्या चिकटवत नव्हतो, भाजत होतो.

अशा वेळी मनात काय येतं ते आता सांगायला लाज वाटते. मला खात्री झाली की दोष आमच्या जागेतच आहे. शहापूरला रेल्वे आहे, महामार्ग आहे, तिथल्या विजेलासुद्धा अंगात पाणी आहे. आमच्याकडचा व्होल्टेज आळशी, आमचा संगणक कोणीतरी वापरून टाकलेला, आमची हवासुद्धा धुराची. सुरेशच्या टेबलापासून पंख्यापर्यंत, तिथे जे जे होतं त्याची मी यादी केली आणि त्यातलं आमच्याकडे काय नाही ते शोधत बसलो. यादी खूप लांब झाली. खिडकीबाहेर मोटारींचा ढीग होता, आणि त्या ढिगात माझ्यासाठी हळूहळू जागा होत असल्यासारखी दिसत होती.

होळीला चार दिवस असताना सुरेश बहिणीच्या लग्नासाठी दुकानाला कुलूप लावून गेला. मी शहापूरपर्यंत जाऊन ते कुलूप बघून आलो. येताना एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना राबांचे काळे-काळे चौकोन दिसत होते. एका बांधावर एक बाई डहाळा घेऊन उभी होती. गाडी गेली तेव्हा तिने नुसती मान वळवून बघितलं, पाय हलवले नाहीत. मला वाटलं, ही मला ओळखते.

माझी मुलगी हल्ली असल्या चिपांशी खेळते. एक केबल, एक बटण, की झालं. भरलेलं चुकलं तर तिचा संगणक तिला नम्रपणे कुठे चुकलं ते सांगतो. मी एकदा तिला हे सगळं सांगायला बसलो. दहा मिनिटं तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बाबा, तुम्ही कोणाला विचारलं का नाही?" तिला कसं सांगणार, की आमच्या पंचक्रोशीत विजेचं काही अडलं तर ज्या एका माणसाला विचारायचं तो माणूस माझ्या खोलीबाहेरच बसलेला होता. आणि त्यालाच विचारायचं नाही, एवढ्याचसाठी तर मी शिकलो होतो.

होळी झाली. धुळवडीला कोणी रंग लावायला आलं तर मी झोपल्याचं सोंग घेतलं. रंगपंचमीला दोन दिवस उरले. त्या दुपारी दादा शेतावर राब बघायला गेले होते. मी तिसऱ्यांदा सगळे भाग बदलून संपवले होते आणि डबा मांडीवर घेऊन पडवीत येऊन बसलो. डब्यामागून हिरवी वायर खोलीतून फरफटत बाहेर आली होती. गोमाकाका डाव्या हाताने बशीतला चहा पीत होते.

"काय झालं?"

"शहापूरला चालतं, घरी नाही."

"मंग शापूरला काय हाय?"

मी माझी यादी म्हणून दाखवली. रेल्वे, चांगली वीज, नवा संगणक. काका बशी रिकामी होईपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "ते तर समद्यांनाच ठाव हाय. शापूरला काय नाय ते सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे इकडं असं काय हाय, जे तिकडं नाय?"

मला हसू आलं. आमच्याकडे असं काय असणार? मी आठ महिने या घरात बसून हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. सगळं असणं तिकडे, सगळं नसणं इकडे, हे इतकं ठरलेलं की त्याच्या उलट बाजूला प्रश्न असू शकतो हेच डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्हीच सांगा काका, इथं काय आहे?"

"इकडं तुझा बा हाय," काका म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

मी खाली बघितलं. मांडीवर डबा होता. डब्याच्या कडेला स्क्रू होता. स्क्रूला हिरवी वायर होती. शहापूरला डबा तीन वेळा चालला होता, आणि तीनही वेळा ती वायर घरी राहिली होती.

मी आत जाऊन नकाशा काढला. शंभर वेळा पाहिलेला कागद. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की संगणकाची बॉडी या सर्किटच्या मायनसला नाही, प्लसला जोडलेली असते. नकाशा करणाऱ्याने कमी भागांत काम भागवायला ही युक्ती केली होती. मी ती रेघ प्रत्येक वेळी बघितली होती आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांनी ती नाकारली होती. बॉडीला प्लस? हे म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं होतं. संगणक तिसऱ्या पिनेतून खड्ड्याला बांधलेला, म्हणजे प्लस खड्ड्यात. डबा हिरव्या वायरने खड्ड्याला बांधलेला, म्हणजे मायनसही खड्ड्यात. दोघं एकाच तारेवर येऊन भेटत होती आणि चिपच्या वाट्याला काहीच उरत नव्हतं. आई रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होती तो खड्डा, आणि मी पंधरा दिवस झेनर बदलत होतो.

एक क्षण, खरं सांगतो, माझ्या मनात वाईट आलं. दादांनी मुद्दाम तर नाही बांधलं? पाडव्यापासून माझ्या बाकावर. मी तो विचार झटकला, पण तो आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. अडकलेलं माणूस ज्या दोराने अडकलंय त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी बघतंच.

मी पेचकस घेतला आणि स्क्रूला लावला. त्याच वेळी दादा अंगणात आले. हातात डहाळा, पायांना राख.

"काय करतोस?"

"दादा, ही वायर काढायला लागेल."

"का?"

मी सांगितलं. जितकं नीट सांगत गेलो तितकं ते त्यांना वाईट ऐकू येत गेलं. "बॉडीला पलस," ते दोनदा म्हणाले, जसं कोणी आजाराचं नाव उच्चारतं. "कोणी काढला हा नकाशा?"

"एका परदेशातल्या माणसाने."

"त्याच्या घरी म्हशी नसतील," दादा म्हणाले. "माझ्या घरात बिगर अर्थिंगचा पत्रा लायटीला लागणार नाय."

"पाच व्होल्ट आहेत दादा. टॉर्चच्या सेलांएवढे."

"आता पाच. संगणकात आत काय जळलं नि अख्खी लाइन डब्यात आली तर?"

ते बरोबर होतं. येण्याची शक्यता अगदी कमी, पण बरोबर. मी म्हणालो, "दादा, परवा रंगपंचमी आहे." एवढंच म्हणालो. आई दारात येऊन उभी राहिली.

दादा डहाळा भिंतीला टेकवून मोरीत गेले, पाय धुतले, आणि ओल्या पायांनीच माझ्या खोलीत आले. चपला बाहेर. खोलीची जमीन शेणाने सारवलेली. संगणकाचा टेबल त्यांनी जरा पुढे ओढला, स्वतः स्क्रू काढून हिरवी वायर सोडवली, आणि खिशातला टेस्टर डब्याला लावला. टेस्टर पेटला नाही. मग त्यांनी हात पुढे केला, बोटं आत वळवून, मागची बाजू डब्याला लावली. जुने वायरमन असंच करतात. झटका बसलाच तर मूठ आवळते आणि हात आपोआप मागे येतो. पुढून धरलं तर तीच मूठ सोडवत नाही. गोमाकाकांनी पुढून धरलं होतं.

काका दारात येऊन उभे होते. त्यांनी कपबशी उचलली आणि दोन पावलं मागे सरकले. "मी लांबच बरा," ते म्हणाले. "माझं झालंय एकदा."

दादांनी हाताची मागची बाजू उचलली आणि तर्जनी डब्यावर टेकवली. ओले पाय, सारवलेली जमीन, एक बोट पत्र्यावर, आणि हिरव्या वायरीच्या जागी दादा. "कर चालू."

"दादा, हात काढा. गरज नाही."

"जे काय यायचं ते मला कळंल आधी. कर."

मी बटण दाबलं. पट्टी हलली. दहा, वीस, तीस. दादा पट्टीकडे बघत नव्हते, डब्याकडे बघत होते, वैद्य नाडी बघतो तसे. साठ. सत्तर. बाहेर कुठेतरी राब शेवटच्या बांधाला लागला असावा, धूर एकदम दाट आला आणि आईला ठसका लागला. शंभर. मग यंत्राने परत वाचायला घेतलं. आजवर सगळं इथेच फिसकटायचं. व्हेरिफाय ओके.

"झालं," मी म्हणालो.

बोट तिथेच. "एकदाच करायचंय काय?"

"नाही. बघून, सुधारून, पुन्हा. बरेच वेळा."

"मंग कर."

त्या दोन दिवसांत मी ती चिप किती वेळा भरली ते मोजलं नाही. दर वेळी हाक मारायची, "दादा." कर्र-कर्र आवाज थांबायचा, मोरीत पाणी वाजायचं, आणि दादा ओल्या पायांनी येऊन बोट टेकवून उभे राहायचे. काम झालं की हिरवी वायर पुन्हा आवळून जायचे. त्यांच्या दोन मोटारी तशाच अर्ध्या गुंडाळलेल्या राहिल्या. एका मोटारीचा मालक येऊन बोलून गेला, तर त्याला म्हणाले, "मुलाचं काम चाललंय." ते वाक्य मी आत ऐकलं, आणि सात सेकंदांचे पुन्हा सत्तर भरले.

रंगपंचमीला टायमर कारखान्यात चालला. पाडव्याला मी दादांच्या बाकावर नव्हतो, पुण्यात एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत होतो. एक खाट, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर चक्क नुसता रस्ता. ओट्यांवर कोणी नाही, कोणाला माझी काळजी नाही. मी आठ दिवस साबण संपायच्या आधीच आणत होतो. संगणकही बरोबर नेला होता, आणि डबाही. भिंतीत तीन भोकांचा सॉकेट होता. त्यातलं वरचं, अर्थिंगचं भोक केवळ शोभेला आहे, त्याला मागे वायरच नाही, हे मी पहिल्याच दिवशी उघडून पाहिलं होतं, आणि पुन्हा बंद करून ठेवलं होतं.

रविवारी दुपारी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावायचा, ते दादांना बोलावून आणायचे. दादांना फोनवर फार बोलता येत नसे. जेवण, काम, आणि मग, "तिकडं अर्थिंग हाय ना?"

"आहे दादा."

"खड्डा बघितलास?"

"हो. घरामागेच आहे."

"पाणी घालतात?"

"घालतात."

मग ते म्हणाले, "बरं." मला वाटलं, सुटलो.

पुढच्या रविवारी मी फोनला निघायच्या आत दार वाजलं. दारात दादा. पहिल्या एसटीने निघून, दोन ठिकाणी गाड्या बदलून आलेले. एका हातात मिठाची पिशवी, दुसऱ्या हातात कोळशाचं गाठोडं, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तांब्याची पट्टी. त्यांनी चपला बाहेर काढल्या, सॉकेटपाशी जाऊन वरच्या भोकात टेस्टरचं टोक घालून बघितलं, स्क्रू काढून मागे डोकावले, आणि पुन्हा नीट लावून ठेवलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. खोली आठवड्याभरात पहिल्यांदाच लहान वाटत होती.

"मालक खालीच ऱ्हातो ना?" दादा म्हणाले. "बोलाव त्याला. खड्डा कुटं घ्यायचा ते विचारू."